काचेच्या टाकीतील दुखणी : वाचकांचे प्रश्न

पावसाळा सुरू झाल्यापासून या सदराकडे आलेल्या पत्रांतील पाळीव माशांविषयीची पत्रे एकत्र वाचली, तेव्हा एक गोष्ट जाणवली. जवळजवळ प्रत्येकाने माशाचे वर्णन केले आहे आणि औषधाचे नाव विचारले आहे. परंतु टाकीतील किती मासे आजारी पडले आणि कोणत्या क्रमाने पडले, हे फार थोड्यांनी लिहिले आहे. माझ्या दृष्टीने निदानातला पहिला प्रश्न तोच आहे. सगळे मासे एकाच दिवशी मलूल झाले असतील तर दोष बहुधा पाण्यात असतो. एकामागून एक पडत गेले असतील तर संसर्गाचा संशय घ्यावा, आणि बाकीचे धडधाकट असताना एकच मासा कोपऱ्यात बसून असेल तर दुखणे त्या एकट्याचे असण्याची शक्यता अधिक. पुढील पत्रांची निवड याच हिशेबाने केली आहे.

प्रश्न : आमची दोन फुटी टाकी तीन वर्षे सुरळीत चालू होती. नागपंचमीच्या आठवड्यात एंजल माशांची नवी जोडी आणून सोडली. सहाव्या दिवशी त्यातील एकाच्या शेपटीवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. पुढे ते टेट्रा आणि मॉली माशांवरही आले. मासे खडीला अंग घासतात. दुकानदाराने दिलेले निळे औषध दोन दिवस टाकले, ठिपके गेले म्हणून थांबवले. चार दिवसांनी दुपटीने ठिपके आले आणि दोन टेट्रा मेले. औषध बनावट होते काय?
— एक निवृत्त शिक्षक, चिपळूण

उत्तर : औषध बनावट नसावे, ते अवेळी थांबवले गेले, एवढेच. आपण क्रम नीट लिहिला आहे, आणि त्यावरूनच निदान होते. आधी नव्या माशावर ठिपके, मग जुन्यांवर, म्हणजे रोग बाहेरून आला आणि पसरला. याला दुकानांतून ‘व्हाइट स्पॉट’ किंवा ‘इच’ म्हणतात. इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस नावाचा एकपेशीय परजीवी तो घडवतो.

या परजीवीचे आयुष्य समजून घेतल्याशिवाय उपचार साधत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आपल्याला दिसणारा ठिपका माशाच्या अंगावर चिकटलेला नसतो, तो त्वचेच्या वरच्या थराखाली दडलेला असतो. तेथे औषध पोहोचत नाही. आत राहून, माशाच्या ऊतींवर पोसून तो वाढतो आणि पिकलेला आंबा देठातून सुटावा तसा एके दिवशी सुटून तळाच्या खडीत पडतो. खडीवर तो स्वतःभोवती चिकट कोष करतो, आणि त्या कोषात त्याचे विभाजन होऊन शेकडो पिल्ले तयार होतात. कोष फुटला की ती पाण्यात पोहू लागतात, आणि त्यांना दिवस-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात. औषधाचा घाव बसतो तो याच पोहणाऱ्या अवस्थेवर, ठिपक्यावर नव्हे आणि कोषावरही नव्हे. आपले ठिपके दुसऱ्या दिवशी दिसेनासे झाले ते पिकून खाली उतरल्यामुळे. चार दिवसांनी त्यांचीच प्रजा वर आली, आणि तोवर पाण्यात औषध उरले नव्हते.

हे चक्र किती दिवसांत पुरे होते, हे पाण्याच्या तापमानावर ठरते. पाणी २५ अंश सेल्सिअसच्या आसपास असेल तर साधारण आठवडाभर लागतो, ३० अंशांना तीन-चार दिवस पुरतात, आणि थंड प्रदेशात ते कित्येक आठवडे रेंगाळते. श्रावणात झडी लागली की आपल्याकडे खोलीतील टाकीचे पाणीही दोन-तीन अंशांनी उतरते. थंडावलेल्या पाण्यात या उष्ण कटिबंधातील माशांची प्रतिकारशक्ती मंदावते आणि परजीवीचे फावते. म्हणून सर्वप्रथम हीटर लावून तापमान रोज दोन अंश या बेताने ३० अंशांपर्यंत न्यावे. लिटरमागे एक वॉट हा हीटरचा ढोबळ हिशेब. चक्र वेगाने फिरले की परजीवी लवकर उघड्यावर येतो. मात्र गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो (२५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना ७.५), आणि या रोगात कल्लेही जखमी असतात, म्हणून हवेचा पंप चोवीस तास चालू ठेवावा.

त्याच्या जोडीला मीठ. किराणा दुकानात मिळणारे साधे खडे मीठ चालते. आधी टाकीत पाणी किती आहे ते काढावे, कारण अंदाजाने टाकलेले औषध एक तर पुरत नाही किंवा जिवावर बेतते. लांबी, रुंदी आणि पाण्याची उंची इंचांत मोजून गुणाकार करावा आणि त्याला ६१ ने भागावे. आपली टाकी २४ बाय १२ असून पाणी १५ इंच उंच असेल तर उत्तर सुमारे ७१ लिटर येते. खडी आणि दगडांची जागा वजा जाता ६० लिटर धरावे. पहिल्या दिवशी लिटरमागे एक ग्रॅम, म्हणजे ६० ग्रॅम मीठ तांब्याभर टाकीच्याच पाण्यात विरघळवून फिल्टरच्या धारेखाली हळूहळू सोडावे, दुसऱ्या दिवशी तितकेच पुन्हा, आणि तेथे थांबावे. मॉलींना मीठ मानवते. टेट्रांना फारसे आवडत नाही, पण एवढे ते दोन आठवडे सोसतात. तळाला फिरणारे बिनखवल्यांचे कॅटफिश असतील तर पहिल्याच हप्त्यावर थांबावे. मीठ हवेत उडून जात नाही हे लक्षात ठेवावे. पाणी बदलताना जितके लिटर काढले तितक्याच लिटरांचे मीठ पुन्हा घालायचे. टाकीत खऱ्या वनस्पती असतील तर त्या मलूल होतील, त्यांना त्या काळापुरते बादलीत हलवावे.

ते निळे औषध मेथिलीन ब्लू असावे. अंड्यांवरील बुरशीसाठी ते उत्तम. मुख्य टाकीत मात्र ते फिल्टरमधील उपयोगी जिवाणूंनाही मारते, म्हणून मी ते येथे वापरत नाही. मीठ आणि उष्णता यांनी पाच-सहा दिवसांत फरक पडला नाही तर मॅलाकाइट ग्रीन असलेले तयार औषध बाटलीवरील प्रमाणातच वापरावे, बिनखवल्यांच्या माशांना निम्मे द्यावे, आणि फिल्टरमधील कोळसा आधी काढून ठेवावा, नाही तर तो औषध शोषून घेतो. हे रसायन हाताला लागू देऊ नये आणि खाण्याच्या माशांच्या तळ्यात कधीही टाकू नये. दिवसाआड नळीने खडीतला गाळ ओढून काढावा, कारण कोष तेथेच असतात. शेवटचा ठिपका गेल्यावरही पूर्ण आठवडाभर उपचार चालू ठेवावा.

एक सावधगिरी सर्वच वाचकांसाठी. प्रत्येक पांढरी गोष्ट हा रोग नव्हे. वयात आलेल्या नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणांवर आणि छातीच्या परांच्या पुढल्या काठावर टाचणीच्या डोक्याएवढे, एका ओळीत मांडल्यासारखे पांढरे दाणे येतात. ते विणीच्या हंगामाचे लक्षण आहे, त्यावर औषध करू नये. ठिपक्यांऐवजी अंगावर सोनेरी भुकटी उधळल्यासारखी दिसत असेल, आणि अंधारात बाजूने टॉर्च मारल्यावर ती चमकत असेल, तर तो ‘व्हेल्व्हेट’ हा वेगळा परजीवी होय. तोंडाभोवती कापूस चिकटल्यासारखा दिसत असेल तर लोक बुरशी समजतात, परंतु बहुतेक वेळा तो जिवाणूंचा रोग असतो आणि उष्णतेने तो भडकतो. तेथे हीटर वाढवणे म्हणजे आगीत तेल ओतणे.

पुढील वेळी नवे मासे आणाल तेव्हा ते प्लास्टिकच्या वीस लिटरच्या टबात तीन-चार आठवडे वेगळे ठेवावेत. पिशवी पंधरा-वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवून मासा जाळीने उचलावा. पिशवीतील पाणी मोरीत ओतावे, टाकीत नव्हे.

प्रश्न : आमच्याकडे जांभ्यातील विहिरीचे पाणी आहे. पहिल्या पावसानंतर ग्रामपंचायतीने विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकली. दुसऱ्या दिवशी मी टाकीतील निम्मे पाणी बदलले. तासाभरात पाचही गोल्डफिश वर येऊन तोंड उघडझाप करू लागले, काही वेड्यासारखे काचेवर आपटले. रात्रीत तीन मेले. ओळखीच्या एकाने फंगस सांगून औषध दिले आहे, ते टाकू का?
— एक गृहिणी, देवगड तालुका

उत्तर : टाकू नये. पाचही मासे तासाभरात अस्वस्थ झाले. कोणताही संसर्ग इतक्या घाईने सर्वांना एकाच वेळी गाठत नाही. हा क्लोरीनचा घाव आहे. पिण्याच्या पाण्यासाठी ब्लीचिंग पावडरचे प्रमाण साधारणपणे हजार लिटरला अडीच ग्रॅम सांगितलेले असते, परंतु विहिरीत पाणी किती याचा हिशेब पहिल्या पावसात कोण करतो? ते पाणी आपण पितो तेव्हा पोटात जाते आणि निभावते. माशाच्या बाबतीत ते कल्ल्यांच्या अतिशय पातळ पडद्यावरून अखंड वाहत असते, त्यामुळे माणसाला वासही न येणाऱ्या प्रमाणात तो पडदा जळतो. टीसीएल टाकणे आवश्यकच आहे, त्याबद्दल ग्रामपंचायतीला दोष देऊ नये. आपण मात्र पाणी भरण्यापूर्वी गावच्या जलसुरक्षकाकडून ओटी चाचणी, म्हणजे पाण्यातील क्लोरीनची चाचणी, करून घ्यावी. पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे.

तसे पाणी उघड्या टबात, हवेचा पंप लावून, एक-दोन दिवस ठेवले तर क्लोरीन निघून जातो. घाई असेल तर मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे हायपोचे, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे, पांढरे खडे शंभर लिटरला सुमारे दीड ग्रॅम घालावेत. परिणाम काही मिनिटांतच होतो. आपल्या उरलेल्या दोन माशांच्या पाण्यात ते आज घातले तरी चालतील.

परंतु खरा धोका अजून पुढे असू शकतो, आणि तो लिहिण्यासाठीच मी हे पत्र निवडले. फिल्टरच्या स्पंजमध्ये आणि खडीवर उपयोगी जिवाणूंची वस्ती असते. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून निघणाऱ्या अमोनियाचे ते आधी नायट्राइट आणि मग त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेट करतात. क्लोरीनने ही वस्तीही मरते. ती पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि मधल्या काळात वाचलेले मासे स्वतःच्याच अमोनियात राहतात. परांवर लालसर रेषा, मिटलेले पर, तळाशी बसून राहणे ही त्याची चिन्हे. म्हणून पुढील महिनाभर खाणे निम्म्यावर आणावे आणि क्लोरीन काढलेल्या पाण्याने दिवसाआड चौथा हिस्सा पाणी बदलावे. शेजारी कोणाची निरोगी टाकी असेल तर तिच्या फिल्टरमधील स्पंजाचा मुठीएवढा तुकडा मागून आपल्या फिल्टरमध्ये ठेवावा. विरजण लावावे तसे ते काम करते. हा धडा मी स्वतः एका गणपतीच्या साफसफाईत शिकलो. घरातील भांड्यांबरोबर मी फिल्टरचा स्पंजही नळाखाली लख्ख पिळून काढला, आणि गौरी जाण्यापूर्वी निम्मे मासे गेले. तेव्हापासून स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलक्या हाताने चेपतो.

आपण पत्रात जांभ्यातील विहिरीचा उल्लेख केला आहे, त्याविषयी थोडे. जांभ्यातून झिरपलेले पाणी बहुधा मृदू आणि किंचित आम्लधर्मी असते. टेट्रांना ते मानवते, पण गोल्डफिश, मॉली आणि गप्पी यांना थोडे जड पाणी हवे असते. त्यासाठी तिसऱ्यांच्या किंवा कालवांच्या शिंपल्या उकळून, स्वच्छ धुऊन, मूठभर फिल्टरमध्ये ठेवाव्यात. हे काम मात्र महिनाभराने, जिवाणू बसल्यावर करावे. शिंपल्यांनी पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, वाढतो. आणि सामू सातवरून आठवर गेला की अमोनियातील विषारी भाग जवळपास दहापट होतो. अमोनिया साचलेला असताना शिंपल्या घालणे म्हणजे आजचे विष उद्या तीव्र करणे होय.

प्रश्न : माझ्या मुलीने बरणीत एक फायटर पाळला आहे. आठ दिवसांपासून त्याचे पोट फुगले आहे, खात नाही. बरणीत दुसरा मासा नाही. त्याला काय द्यावे?
— एक आई, वेंगुर्ले

उत्तर : त्याला बाजूने पाहू नका, वरून पाहा. पोट फुगले आहे पण खवले अंगाला सपाट बसलेले आहेत, असे दिसले तर बहुधा अतिखाण्याने आलेला बद्धकोष्ठ आहे. दोन-तीन दिवस उपाशी ठेवून नंतर डासांच्या दोन-चार अळ्या द्याव्यात. वाटाण्याचा उपाय अनेक जण सांगतात, तो गोल्डफिशला ठीक. फायटर मांसाहारी आहे. खवले मात्र अंगापासून सुटून, किनाऱ्यावरील सुरूच्या बोंडासारखे उभे राहिलेले दिसले तर तो जलोदर आहे. मूत्रपिंडे निकामी होऊन शरीरात पाणी साठते तेव्हा ही अवस्था येते, आणि तेथून मासे क्वचितच परततात, हे आपल्याला आधीच सांगणे मला योग्य वाटते.

प्रयत्न म्हणून त्याला दहा लिटर स्वच्छ, २७-२८ अंशांच्या पाण्यात हलवून एक लहान चमचा एप्सम सॉल्ट विरघळवावे. हे मॅग्नेशियम सल्फेट औषधांच्या दुकानात मिळते. स्वयंपाकाचे मीठ येथे घालू नये. घरातील अँटिबायोटिकच्या कॅप्सूल फोडून पाण्यात टाकण्याची पद्धत सर्रास दिसते. न खाणाऱ्या माशाच्या पोटात ते औषध पुरेसे पोहोचत नाही, आणि ते पाणी शेवटी गटारातून व्हाळात जाते.

चार-पाच दिवसांत काही फरक पडला नाही आणि मासा आडवा होऊन श्वासासाठी धडपडू लागला, तर त्याला शांतपणे जाऊ देण्याचा मार्ग लवंगेच्या तेलाचा आहे. लिटरभर पाण्याला सुमारे दहा थेंब तेल लहान बाटलीत कोमट पाण्याबरोबर पांढरे होईपर्यंत हलवावे, त्यातील थोडे घालून मासा निजल्यावर उरलेले घालावे, आणि कल्ल्यांची हालचाल थांबल्यानंतरही अर्धा तास तसेच ठेवावे. हे मोठ्यांनी करावे. मासा माडाच्या मुळाशी पुरावा, विहिरीत किंवा व्हाळात टाकू नये. हाताला जखम असताना आजारी माशाच्या पाण्यात हात घालू नये, कारण माशांच्या क्षयाचा एक जिवाणू माणसाच्या त्वचेत शिरून काही आठवड्यांनी गाठी उठवतो. आणि पुढचा फायटर बरणीत नको. हवेतून श्वास घेता येत असल्यामुळे तो बरणीत तगतो, एवढ्यावरून ते त्याला सुखाचे असते असे ठरत नाही. किमान पंधरा-वीस लिटरची टाकी हवी.

प्रश्न : वादळी पावसात रात्रभर वीज नव्हती. सकाळी गप्पी आणि बार्ब पृष्ठभागावर आले होते, दोन मोठे बार्ब मेले. हा रोग आहे का, आणि मेलेले मासे तपासायला कोठे न्यावेत?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : रोग नाही. पंप बंद, पाणी स्थिर, आणि अंधारात वनस्पतीही प्राणवायूच वापरतात, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. मोठे मासे आधी जातात, हेही प्राणवायूच्या अभावाचेच लक्षण. वीज गेली की झाकण काढावे, खाणे बंद करावे, आणि तासातासाने तांब्याने पाणी उचलून वितभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतावे. सेलवर चालणारा पंप घेऊन ठेवल्यास रात्रीची झोप मिळेल.

तपासणीसाठी रत्नागिरीजवळ शिरगाव येथील मत्स्य महाविद्यालयात आधी विचारणा करून जावे. ते दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे आहे. रात्री मेलेला मासा सकाळी फारसे काही सांगत नाही, कारण कल्ल्यांवरील परजीवी मासा मेल्यावर लवकरच सोडून जातात किंवा नष्ट होतात. आजारी पण जिवंत मासा टाकीतल्याच पाण्यात, पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि दोन तृतीयांश हवा ठेवून न्यावा. टाकीचे पाणी वेगळ्या स्वच्छ बाटलीत काठोकाठ भरून घ्यावे. मासा वाटेतच मेला तर पिशवी बर्फावर ठेवावी, मात्र मासा गोठू देऊ नये.